फँटसी बेसबॉल : मोकळ्या खेळाडूंमधून कोणाला घ्यावे

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पहाटेची वेळ हीच काय ती सुसह्य वेळ असते, आणि नेमकी तीच वेळ बेसबॉलची असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे ४ वाजून ३५ मिनिटांनी सुरू होतो; पश्चिम किनाऱ्यावरचे सामने रंगात येतात तेव्हा आपण चहा-न्याहारी उरकून कामाला निघालेलो असतो. आमची बारा जणांची फँटसी बेसबॉल लीग गेली काही वर्षे याच वेळापत्रकावर चालते. खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ बनवायचे आणि त्यांच्या मैदानावरच्या कामगिरीवरून गुण मोजायचे, असा हा खेळ. पाच जण सोलापुरातले, तिघे पुण्यातले आणि चौघे न्यू जर्सी व टेक्सासमध्ये स्थायिक झालेले आमचेच वर्गमित्र आणि आतेभाऊ-मामेभाऊ. लीगमध्ये पैशाचा व्यवहार मुळीच नाही, आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर केंद्राच्या २०२५ च्या कायद्याने बंदी आणल्यामुळे तो असूही नये. नव्याने येणारा प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारतो : ड्राफ्ट (हंगामापूर्वी आळीपाळीने खेळाडू निवडणे) झाला, संघ बनला, आता मोकळ्या खेळाडूंच्या त्या लांबलचक यादीतून कोणाला उचलायचे आणि कशाच्या आधारावर? हा लेख त्या प्रश्नापुरता आहे.

यादी इतकी लांब का असते, हे आधी पाहू. मेजर लीगमध्ये, म्हणजे तिकडच्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, ३० संघ आहेत आणि प्रत्येकाच्या सक्रिय यादीत २६ खेळाडू असतात, म्हणजे एकूण ७८०. बारा जणांच्या लीगमध्ये प्रत्येकाने २५ खेळाडू घेतले तर ३०० संपतात आणि ४८० मोकळे राहतात. त्यांतले बहुतेक आपल्या उपयोगाचे नसतात, हे खरे. पण मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, आणि त्या सहा महिन्यांत कोणी दुखापतीने बाहेर जातो, कोणाला रोज खेळण्याची संधी मिळते, एखादा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, नवा चेंडू शिकून येतो. ड्राफ्ट एकदाच होतो. ही घेणे-सोडणे मात्र सहा महिने चालते, आणि माझ्या अनुभवात लीगचा निकाल ड्राफ्टइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, इथे ठरतो.

बहुतेकांची चूक एकाच जागी होते. यादी उघडायची, 'गेले सात दिवस' हा पर्याय निवडायचा आणि सर्वांत वर जो दिसेल त्याला घेऊन मोकळे व्हायचे. मीही हेच केले होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या येर्मिन मर्सेडिसने हंगामातल्या आपल्या पहिल्या आठही प्रयत्नांत हिट (फटका मारून बाद न होता पहिल्या टप्प्यावर, म्हणजे बेसवर, पोहोचणे) मिळवल्या आणि तो महिना त्याने .४१५ च्या सरासरीने संपवला. मी त्याला घेतले. त्याच काळात टोरांटो ब्लू जेजचा डावखुरा पिचर रॉबी रे आमच्या लीगमध्ये मोकळा पडून होता. त्याच्या नावासमोरची २०२० सालची ६.६२ ही ईआरए (नऊ इनिंगांच्या सामन्यामागे पिचरच्या खाती धरलेल्या धावा; जितकी कमी तितकी चांगली) पाहून मी त्याच्याकडे पाठ फिरवली. मर्सेडिसची बॅट मे महिन्यापासून थंडावली, जुलैच्या सुरुवातीला त्याची खालच्या दर्जाच्या मायनर लीगमध्ये रवानगी झाली, आणि रेने त्याच वर्षी मेजर लीगच्या दोन गटांपैकी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार जिंकला.

यात नशिबाचा भाग किती आणि माझ्या चुकीचा किती, याचा मी नंतर बराच विचार केला. २०२० मध्ये रेने जेमतेम ५१ इनिंगांत ४५ वॉक (चार चुकीचे चेंडू पडल्याने फलंदाजाला फुकट मिळणारा बेस) दिले होते. २०२१ मध्ये १९३ इनिंगांत त्याने दिलेले वॉक केवळ ५२ होते. हा फरक वर्षाअखेरीस एकाएकी उगवलेला नव्हता. मे महिन्यातले त्याचे सामने उघडून पाहिले असते तरी तो स्पष्ट दिसला असता. मर्सेडिसच्या बाबतीत माझ्यासमोर फक्त निकाल होता. रेच्या बाबतीत खेळच बदलला होता आणि मी तो पाहिला नव्हता. तेव्हापासून कोणालाही घेण्यापूर्वी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो : या खेळाडूच्या बाबतीत नेमके काय बदलले आहे? त्याला मिळणारी संधी बदलली आहे, त्याचे कौशल्य बदलले आहे, की फक्त चेंडू मोकळ्या जागेत पडत आहेत?

आमच्या शहरात टॉवेलच्या धंद्यात असलेला कोणीही सांगेल की सूत घेताना कोनावरची गुंडाळणी पाहून भाव ठरवत नाहीत. काउंट आणि मजबुती तपासल्यावरच गाडी उतरवून घेतात. खेळाडूची गेल्या आठवड्याची सरासरी ही ती गुंडाळणी आहे.

आधी संधी पाहावी

फँटसीमध्ये गुण मैदानावर उभ्या असलेल्या माणसालाच मिळतात. म्हणून फलंदाजाच्या बाबतीत सर्वप्रथम तो आठवड्यातून किती सामने सुरुवातीपासून खेळतो आणि फलंदाजीच्या क्रमात कितव्या जागी येतो, हे तपासावे. क्रमाचे महत्त्व साध्या हिशेबाने कळते. सामन्याचा शेवटचा फलंदाज नऊ जागांपैकी कोणत्यातरी एका जागेवर असतो. त्यामुळे १६२ सामन्यांत प्रत्येक वरच्या जागेला खालच्या जागेपेक्षा सरासरी १६२ भागिले ९, म्हणजे १८ प्लेट अपिअरन्स, म्हणजे फलंदाजीला येण्याच्या वेळा, अधिक मिळतात. आठव्या जागेवरचा खेळाडू दुसऱ्या जागेवर गेला तर पूर्ण हंगामात शंभराहून अधिक वेळा जास्त तो खेळायला येईल, आणि शिवाय त्याच्या मागे संघाचे उत्तम फलंदाज असल्यामुळे त्याच्या धावाही वाढतील. एखाद्या व्यवस्थापकाने आपल्या खेळाडूला सलग चार-पाच सामने वरच्या क्रमावर पाठवले, तर ती बातमी दोन होम रनांपेक्षा (षटकारासारख्या सीमापार फटक्यांपेक्षा) मोठी समजावी.

याच्याच जोडीला प्लॅटून नावाचा प्रकार आहे. डावखुऱ्या फलंदाजाला डावखुऱ्या पिचरचे चेंडू जड जातात, म्हणून अनेक संघ एकाच जागेसाठी दोन खेळाडू ठेवतात : समोर उजव्या हाताचा पिचर असला की डावखुरा खेळतो आणि डावखुरा पिचर असला की उजवा. सुरुवात करणारे पिचर बहुतांशी उजव्या हाताचे असल्यामुळे या जोडीतला डावखुरा फलंदाज अधिक दिवस खेळतो. रोज बदल करता येणाऱ्या लीगमध्ये तो चांगला उपयोगी पडतो. मात्र आठवड्यातून एकदाच संघ लावायचा असेल, तर जोडीतल्या कोणालाच घेऊ नये असे माझे मत आहे.

दुखापत ही संधीची दुसरी बाजू. मोठा खेळाडू जायबंदी झाला की सगळे त्याच्याबद्दल हळहळतात. आपण त्याच्या जागी कोण उभा राहणार, हे पाहावे. मेजर लीगमध्ये जायबंदी यादी फलंदाजांसाठी किमान १० दिवसांची आणि पिचरांसाठी किमान १५ दिवसांची असते, तर गंभीर दुखापतीसाठी ६० दिवसांची. दहा दिवसांच्या पाहुण्यासाठी चांगला खेळाडू सोडू नये. साठ दिवसांची जागा रिकामी झाली असेल, तर विचार जरूर करावा. उलट दिशेनेही हाच हिशेब चालतो. परत येऊ घातलेला चांगला खेळाडू आधी मायनर लीगमध्ये सरावाचे सामने खेळतो, आणि त्यासाठी फलंदाजाला जास्तीत जास्त २० दिवस व पिचरला ३० दिवस मिळतात. ज्या दिवशी तो सराव सुरू होतो, त्या दिवशी त्याला घ्यावे. तो परतल्याची बातमी येईपर्यंत थांबणाऱ्याला तो सहसा मिळत नाही.

नशीब वेगळे काढावे

क्रिकेटमध्ये वाढलेल्या वाचकाला इथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. सोलापुरात जन्मलेल्या पॉली उम्रीगर यांची कसोटीतली ४२.२२ ही सरासरी म्हणजे बाद होण्यामागे काढलेल्या धावा. बेसबॉलची सरासरी तशी नसते. ती प्रयत्नांपैकी किती वेळा हिट मिळाली याचे प्रमाण असते. .३०० म्हणजे दहापैकी तीन वेळा, आणि तेवढ्यावर खेळाडू उत्तम गणला जातो. उत्तम आणि सामान्य यांतले अंतर दहा प्रयत्नांत अर्ध्या हिटचे असल्यामुळे दोन आठवड्यांत ही संख्या कुठेही भरकटू शकते.

ती का भरकटते, हे ओळखण्यासाठी बॅबिप नावाचे माप आहे. होम रन आणि स्ट्राइकआउट (चेंडू मैदानात न मारताच फलंदाज बाद होणे) वगळून जे चेंडू मैदानात खेळले गेले, त्यांपैकी किती हिट ठरले, याचे ते प्रमाण. संपूर्ण मेजर लीगचे हे प्रमाण वर्षानुवर्षे .३०० च्या आसपास, बहुधा किंचित खाली राहते. वेगाने धावणारे किंवा सपाट, जोरकस फटके मारणारे काही फलंदाज .३४० पर्यंत टिकतात; त्याहून वरचे आकडे सहसा टिकत नाहीत.

एक उदाहरण आकड्यांसकट करून पाहू. समजा, यादीत दोन फलंदाज आहेत आणि दोघांनी गेल्या दोन आठवड्यांत प्रत्येकी ५० प्रयत्न केले आहेत. पहिल्याने १८ हिट मिळवल्या, त्यांत २ होम रन. तो १६ वेळा स्ट्राइकआउट झाला आणि त्याला २ वॉक मिळाले. सरासरी .३६०, त्यामुळे तो यादीत अगदी वर झळकतो आहे. दुसऱ्याने १२ हिट मिळवल्या, त्यांतही २ होम रन. तो ८ वेळा स्ट्राइकआउट झाला आणि त्याला ७ वॉक मिळाले. सरासरी .२४०, तिसऱ्या पानावर गेल्याशिवाय त्याचे नावही दिसत नाही. आता आतले पाहा. पहिल्याने मैदानात खेळलेले चेंडू ३२ आणि त्यांपैकी १६ हिट, म्हणजे बॅबिप .५००. दुसऱ्याचे ४० चेंडू आणि १० हिट, म्हणजे .२५०. दोघांनाही साधारण .३०० चे नशीब लाभले असते, तर पहिल्याची सरासरी सुमारे .२३२ आणि दुसऱ्याची .२८० झाली असती. पुढचे दोन आठवडे कसे जातील ते कोणालाच ठाऊक नसते. तरीही मी दुसऱ्याला घेईन, आणि त्याच्यासाठी कोणाशी चढाओढही करावी लागणार नाही.

या उदाहरणात मी स्ट्राइकआउट आणि वॉक यांवर भर दिला, त्याला कारण आहे. फलंदाजाचे स्ट्राइकआउटचे प्रमाण साधारण ६० प्लेट अपिअरन्समध्येच त्याच्या खऱ्या कुवतीबद्दल काही सांगू लागते. वॉकला त्याच्या सुमारे दुप्पट लागतात. सरासरीला मात्र संपूर्ण हंगामही पुरत नाही. म्हणून एप्रिलअखेरीस एखाद्याचे स्ट्राइकआउट गेल्या वर्षीच्या २८ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आलेले दिसले, तर त्याने काहीतरी खरोखर बदलले आहे असे मानायला जागा असते.

फटक्याची ताकदही आता घरबसल्या पाहता येते. २०१५ पासून मेजर लीगच्या सर्व मैदानांवर स्टॅटकास्ट ही यंत्रणा प्रत्येक चेंडूचा आणि फटक्याचा वेग मोजते, आणि ते आकडे बेसबॉल सॅव्हंट या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. बॅटवरून ताशी ९५ मैल, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने निघालेल्या फटक्याला जोरदार फटका म्हणतात. मला ज्याच्याबद्दल शंका असते, त्याचे या फटक्यांचे प्रमाण आणि त्याचा सर्वांत वेगवान फटका, हे दोन आकडे मी पाहतो. ज्याने एकदाही फार जोरात चेंडू मारलेला नाही, त्याचे तीन होम रन वाऱ्यावर गेलेले असू शकतात.

सुरुवातीचा प्रत्येक भडका खोटा नसतो, हेही नमूद केले पाहिजे. २०१६ मध्ये कोलोरॅडो रॉकीजच्या ट्रेव्हर स्टोरीने पदार्पणाच्या पहिल्या सहा सामन्यांत ७ होम रन मारले, आणि अंगठ्याच्या दुखापतीने हंगाम संपण्यापूर्वी ९७ सामन्यांत २७ पर्यंत मजल मारली. त्याला रोजची जागा मिळालेली होती, फटके खणखणीत होते, आणि घरचे मैदान डेन्व्हरचे कूर्स फील्ड होते, जे समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे आणि जिथल्या विरळ हवेत चेंडू दूर जातो. त्याहून बोलके उदाहरण होसे बाउटिस्टाचे. २०१० पूर्वी त्याने कोणत्याही हंगामात १६ पेक्षा जास्त होम रन मारले नव्हते. २०१० मध्ये त्याने ५४ मारले. पण २००९ च्या अखेरच्या महिन्यात, बॅट फिरवण्याची सुरुवात लवकर करण्याचा बदल केल्यावर, त्याने १० होम रन मारले होते. कौशल्यातला बदल आणि रोजची जागा, दोन्ही गोष्टी पुढच्या मार्चमध्ये ज्याला पाहायच्या होत्या त्याला दिसत होत्या.

पिचर निवडताना

पिचरची ईआरए ही फलंदाजाच्या सरासरीइतकीच फसवी असते, कारण तिच्यात क्षेत्ररक्षकांचे कर्तृत्व आणि चेंडू कुठे पडला याचे नशीब मिसळलेले असते. मैदानात खेळल्या गेलेल्या चेंडूचे पुढे काय होते यावर पिचरचा ताबा समजला जातो त्याहून फार कमी असतो, हा व्होरॉस मॅक्रॅकन यांनी २००१ च्या सुमारास मांडलेला विचार आज फँटसी खेळणाऱ्या प्रत्येकाच्या हिशेबात आहे. म्हणून मी एकच वजाबाकी करतो : स्ट्राइकआउटच्या टक्केवारीतून वॉकची टक्केवारी वजा. लीगमध्ये स्ट्राइकआउट सुमारे २२ टक्के आणि वॉक सुमारे ८ टक्के असतात, म्हणजे साधारण पिचरची बाकी १४ उरते. ज्याची २० च्या पुढे आहे पण ईआरए ४.८० आहे, त्याला घ्यावे. ज्याची ६ आहे पण ईआरए २.१० आहे, त्याला दुसऱ्याकडे जाऊ द्यावे. यासोबत चेंडूचा वेग गेल्या वर्षीपेक्षा वाढला आहे का आणि त्याने एखादा नवा चेंडू आणला आहे का, हेही पाहिले की चित्र बहुतेक पूर्ण होते.

एकाच आठवड्यात दोन सामने टाकणाऱ्या पिचरचा मोह सगळ्यांना असतो. पाच पिचरांच्या फेऱ्यात सोमवारी किंवा मंगळवारी टाकणाऱ्याची पाळी शनिवार-रविवारपर्यंत पुन्हा येते, आणि दुप्पट स्ट्राइकआउट मिळतील म्हणून लोक कोणालाही घेतात. तोटाही दुप्पट असतो, हे विसरले जाते. समजा, आपल्या संघाने आठवड्यात ४० इनिंगांत १६ धावा दिल्या आहेत, ईआरए ३.६० झाली. घेतलेल्या पिचरने एका सामन्यात ४ इनिंगांत ६ धावा दिल्या, तर ती थेट ४.५० होते आणि आठवडाभराची मेहनत एका पहाटेत वाहून जाते. दोन सामन्यांपैकी एक जरी कूर्स फील्डवर किंवा एखाद्या जबरदस्त फलंदाजीसमोर असेल, तर मी सामान्य पिचरला हात लावत नाही.

सेव्ह मिळवून देणारे क्लोझर ही तर सततची धावपळ असते. जास्तीत जास्त तीन धावांची आघाडी असताना येऊन अखेरची पूर्ण इनिंग सांभाळली, तर सेव्ह मिळतो. हे काम प्रत्येक संघात बहुधा एकाच माणसाकडे असते, आणि तो माणूस वर्षात अनेकदा बदलतो. काल नववी इनिंग कोणी टाकली एवढ्यावर जाऊ नये, कारण नेहमीचा क्लोझर सलग दोन-तीन दिवस टाकून थकल्यामुळे त्याला केवळ विश्रांती दिलेली असू शकते. गेल्या दोन आठवड्यांत आघाडी असताना आठवी इनिंग कोणाकडे दिली गेली, ते पाहावे. पुढचा क्लोझर बहुधा तोच. जुलैअखेरीच्या सुमारास संघांमधली खेळाडूंची अदलाबदल बंद होण्यापूर्वी हरणारे संघ आपले क्लोझर विकतात. त्या संघांचे आठव्या इनिंगचे पिचर आठवडाभर आधी घेऊन ठेवणे हा मला आजवर सर्वाधिक फळलेला उपाय आहे.

आपल्या संघाला काय हवे आहे

इथवर खेळाडू चांगला की वाईट, एवढेच पाहिले. पण तो आपल्याला हवा आहे का, हा वेगळाच प्रश्न आहे. फँटसी बेसबॉलचा मूळ प्रकार डॅनियल ओक्रंट आणि त्यांच्या मित्रांनी १९८० मध्ये सुरू केला आणि न्यूयॉर्कमधल्या ज्या उपाहारगृहात ते जमत त्याच्यावरून त्याला रोटिसरी हे नाव पडले. आजच्या प्रचलित रूपात दहा गट असतात : फलंदाजीत धावा, होम रन, आरबीआय (आपल्या फलंदाजीने आत आणलेल्या धावा), स्टोलन बेस (फटक्याशिवाय धावून चोरलेला पुढचा बेस) आणि सरासरी, पिचिंगमध्ये विजय, सेव्ह, स्ट्राइकआउट, ईआरए आणि व्हिप (प्रत्येक इनिंगमागे दिलेले वॉक आणि हिट). बारा संघांत प्रत्येक गटात पहिल्याला १२ गुण आणि शेवटच्याला १. म्हणून खेळाडूची किंमत त्याच्या आकड्यांपेक्षा त्या आकड्यांनी आपण किती पायऱ्या चढतो यावर ठरते.

ऑगस्टमध्ये तक्ता उघडून बसले की हे डोळ्यांसमोर येते. समजा, आपल्या संघाचे ५,००० प्रयत्न झाले आहेत आणि सरासरी .२५५ आहे. .२५० ऐवजी .३०० ने खेळणारा फलंदाज उरलेल्या १०० प्रयत्नांसाठी घेतला, तर ५ हिट वाढतील आणि संघाची सरासरी जेमतेम .००१ ने सरकेल. त्याच जागी ८ स्टोलन बेस मिळवणारा खेळाडू घेतला आणि वरच्या तीन संघांशी आपले अंतर ३, ५ आणि ७ बेसचे असेल, तर तीन गुण हाती येतात. माझा एक मामेभाऊ दरवर्षी या टप्प्यावर होम रन मारणाऱ्यांच्या मागे लागतो, आणि मी त्याला दरवर्षी विचारतो, "दादा, होम रनमध्ये तुमच्या वरच्याशी अंतर किती आहे?" उत्तर पंचवीस-तीसच्या घरात असते.

स्टोलन बेसचा बाजार २०२३ पासून पालटला आहे. त्या वर्षी बेसची बाजू १५ इंचांवरून १८ इंच झाली आणि धावपटूला रोखण्यासाठी पिचरने एका फलंदाजामागे दोनदाच रबरवरून (ज्या पट्टीवर उभे राहून तो चेंडू टाकतो तिच्यावरून) पाय काढण्याची मर्यादा आली. २०२२ मध्ये मेजर लीगमध्ये २,४८६ बेस चोरले गेले होते. २०२३ मध्ये ३,५०३. वेगवान खेळाडू आता मोकळ्या यादीतही मिळतात ही चांगली गोष्ट. मात्र सर्वांचेच आकडे वाढल्यामुळे पूर्वी १० बेसने जे साधत असे, त्याला आता अधिक लागतात.

गुणांवर चालणाऱ्या लीगमध्ये हा सगळा विचार लागत नाही. तिथे नियमपत्रिका उघडून वॉकला किती आणि स्ट्राइकआउटला किती उणे गुण आहेत ते पाहिले की पुरते. आठवड्याच्या थेट लढतीत मात्र आणखी एक गोष्ट पाहावी : त्या आठवड्यात कोणत्या संघाचे पाच सामने आहेत आणि कोणाचे सात. सारख्याच तोलाच्या दोघांपैकी सात सामने असलेला घेतला तर दोन सामन्यांची संधी फुकट मिळते.

कोणाला सोडायचे

नवा खेळाडू घेणे म्हणजे जुना सोडणे, आणि या अर्ध्या भागाकडे कोणी लक्ष देत नाही. आपल्या यादीतल्या सर्वांत निरुपयोगी खेळाडूचे नाव घेण्यापूर्वीच निश्चित असावे; ते नसेल आणि आपण राग आला म्हणून सोडत असू, तर त्या दिवशी काहीच करू नये. ड्राफ्टमध्ये पहिल्या काही फेऱ्यांत घेतलेला खेळाडू केवळ वाईट महिन्यामुळे सोडणे हा या खेळातला सर्वांत महागडा निर्णय असतो. २०१९ मध्ये क्लीव्हलंडचा होसे रामिरेझ जुलैमधल्या ऑल-स्टार विश्रांतीपर्यंत .२१८ वर रखडला होता आणि त्याचे होम रन अवघे ७ होते; त्यानंतर तो .३२७ ने खेळला आणि आणखी १६ होम रन मारले. स्टोलन बेस तर तो पहिल्या टप्प्यातही चोरतच होता, म्हणजे पाय शाबूत होते. ज्याने त्याला जूनमध्ये सोडले, त्याला त्याच्यासारखा दुसरा मोकळ्या यादीत मिळणे शक्यच नव्हते.

सोडताना मी एक वही वापरतो. डावीकडे येणाऱ्याचे नाव, उजवीकडे जाणाऱ्याचे, आणि खाली एका ओळीत कारण : 'दुसऱ्या क्रमावर सलग सहा सामने', 'वॉक १२ वरून ६ टक्के', 'आघाडीत आठवी इनिंग चारदा'. कारण म्हणून 'फॉर्मात आहे' एवढेच लिहावेसे वाटले, तर मी तो व्यवहार करत नाही. मर्सेडिसच्या नावापुढे मला दुसरे काही लिहिता आले नसते.

बोली आणि वेळ

अनेक लीगमध्ये प्रत्येकाला हंगामासाठी १०० चा काल्पनिक निधी मिळतो आणि मोकळ्या खेळाडूसाठी बंद बोली लावावी लागते. बहुतेक जण तो निधी जपून ठेवतात. मला ते पटत नाही. एप्रिलमध्ये मिळालेला रोज खेळणारा फलंदाज पाच महिने उपयोगी पडतो, सप्टेंबरमध्ये मिळालेला दोन-तीन आठवडे. निम्म्याहून अधिक निधी मेअखेरीपर्यंत खर्च झाला तरी चालेल, फक्त तो रोजची जागा मिळालेल्यांवर आणि नव्या क्लोझरवर व्हावा. गोल आकडा टाळावा. १० ऐवजी ११ लिहिणाऱ्याला एका आकड्यावरून खेळाडू मिळाल्याचे आमच्या लीगमध्ये अनेकदा घडले आहे.

सप्टेंबरमध्ये नियम थोडे उलटतात. संघांच्या यादीत २६ ऐवजी २८ खेळाडू येतात, बाद फेरी निश्चित झालेले संघ आपल्या मोठ्या खेळाडूंना विश्रांती देतात आणि बाहेर पडलेले संघ नव्या मुलांना रोज खेळवतात. अशा वेळी बॅबिप आणि फटक्याचा वेग बाजूला ठेवून आज कोण खेळणार आहे, एवढेच पाहावे. फलंदाजीचा क्रम सामन्याच्या काही तास आधी जाहीर होतो, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतर. आणि बहुतेक ठिकाणी प्रत्येक खेळाडू त्याचा सामना सुरू होताच कुलूपबंद होतो. म्हणून इतर दिवशी मी पहाटे चारचा गजर लावतो. हंगामाच्या शेवटच्या रविवारी मात्र सगळे सामने पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार दुपारी तीनच्या सुमारास एकदमच सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे रविवारची मध्यरात्र उलटून साडेबारा. त्या रात्री अकरा वाजता वही आणि फोन घेऊन गच्चीवर बसावे, क्रम येत जातील तशी नावे बदलावीत, आणि शेवटची अदलाबदल साडेबाराच्या आत करावी.